दगडी कुंडी आणि गच्चीचा हक्क

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा शिवणकाम, हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवत आहे. गुडघे गेले आहेत, डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने वकिलांना विचारावं. त्यांच्या कोटाची बाही मी गेल्याच आठवड्यात बसवून दिली.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक मुलाला. गच्चीवर पत्रे टाकून खोली काढायचा त्याचा बेत मला ठाऊक आहे. तो माझ्या हयातीत झाला नाही, नंतरही होणार नाही. कारण कलम पाच.

२. शिलाई मशीन आणि मोठी कात्री सुनेला. त्या कात्रीने कागद कापायचा नाही. कापते, मी पाहिलं आहे.

३. गच्चीवर माझ्या चाळीस कुंड्या आहेत. त्यांतली सक्युलंट, म्हणजे पाणी साठवणाऱ्या जाड पानांची झाडं, मुठीएवढी, पानं गुलाबाच्या पाकळ्यांसारखी एकात एक बसलेली. त्यांना मातीपेक्षा खडी जास्त लागते, आणि पाणी पानं मऊ पडल्यावरच. एकदा फुलून आलं की मधलं झाड मरतं, भोवतीची पिल्लं राहतात. हे सगळं मी धाकट्या बहिणीला शिकवलं होतं.

नऊ वर्षांपूर्वी माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर झाडं तिच्यावर सोपवली. परत आले तर दगडी कुंडीतली सगळी सडून चिखल. मी तिला जिन्यातच म्हणाले, "तुला मूल झालं नाही ते बरंच झालं." ती म्हणाली, "ताई, मी चमच्यानं मोजून घातलं गं पाणी." मी ऐकून घेतलं नाही. ती पुन्हा आली नाही. कुंडी मी रागाने जिन्याखाली टाकायला लावली.

४. मागच्या महिन्यात जिना दुरुस्त करायला आलेल्या गवंड्याने ती बाहेर काढून उपडी केली. म्हणाला, "आजी, बुडाचं भोक सिमेंटनं बुजवलंय. पावसाचं पाणी जाणार कुठून?" बुडाला तडा गेला म्हणून ऑपरेशनला जायच्या घाईत ते मीच लिंपलं होतं. झाडं मी मारली आणि बोल तिला लावला. मला त्याची लाज वाटते.

५. म्हणून सर्व कुंड्या आणि गच्ची व जिना वापरण्याचा तहहयात हक्क बहिणीला. मुलाने कुलूप बदलू नये.

६. वकील म्हणतात, माझ्या पश्चातच हा कागद उघडावा. मला ते मान्य नाही. मेल्यावर मला माफी मागता येणार नाही. सह्या होताच गवंड्याने याची प्रत बहिणीला नेऊन द्यावी आणि ती वाचून होईपर्यंत दारात थांबावं. तिने फाडून टाकली तरी कलम पाच कायम.

स्थळ: राहतं घर. दिनांक: १४ मार्च, सकाळी साडेदहा.

सही: लिहून ठेवणारी

साक्षीदार: १. गवंडी २. शेजारच्या डॉक्टरीणबाई

ज्याला मिळायचं त्याची साक्ष चालत नाही म्हणतात, म्हणून बहिणीची सही इथे नाही. बाई, तू नुसतं "वाचलं" एवढं लिहून पाठव. मी गच्चीत बसून आहे.