शाळेच्या मैदानावरचा थ्रोबॉल

बाई, काल दवाखान्यातून परतताना रिक्षा मळमड्डीतल्या शाळेवरून गेली. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मान मैदानाकडं वळलीच. मुलींना तुम्ही खेळ शिकवायच्या आणि शाळा सुटली की आम्हा आसपासच्या बायकांना थ्रोबॉलला बोलवायच्या. "बर्री, बर्री", या या, ही तुमची कानडी हाक रस्त्यापर्यंत ऐकू यायची. माझं नवंच लग्न झालेलं. "दिवसभर घरात राबतेच की, वेगळा व्यायाम कशाला?" असं मी म्हटलं तेव्हा तुम्ही रागावलात. "राबणं घरासाठी. हा तास तुझा." मग मी पदर खोचून चेंडू झेलायला शिकले.

तुमच्या स्तनात गाठ निघाली, ते मला सासूबाईंनी पोळ्या लाटता लाटता सांगितलं. "एवढं पळूनही झालंच की. मी म्हणते, पळूनच झालं असेल." घरोघरी तेच बोलणं. एकेक बाई यायची थांबली. अजून डोळ्यांपुढं येतं, उपचारांनंतर तुम्ही डोक्याला रुमाल बांधून मैदानावर येता, तेव्हा आम्ही तिघीच उभ्या आहोत. तुम्ही इकडंतिकडं बघता, जाळी बांधायला घेता. पुढची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत.

आता माझीही गाठ काढून झाली, औषधं झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज चालायचं. मी विचारलं, "आमच्या बाई तर जन्मभर खेळल्या. मग त्यांना कसं झालं?" त्या म्हणाल्या, "व्यायामानं धोका कमी होतो, नाहीसा होत नाही. कुणाला होईल ते सांगता येत नाही. पण खेळल्यामुळं झालं नाही, एवढं नक्की." हे ऐकायला तुम्ही हव्या होतात. सासूबाईही हव्या होत्या. मला बरं वगैरे काही वाटलं नाही, नुसतं दमल्यासारखं झालं. एवढं एक वाक्य तेव्हा कुणी बोललं असतं, तर तुमचे शेवटचे महिने तसे एकटे गेले नसते.

सून रोज विचारते, "आई, चालून आलात?" मी हो म्हणते. खरं म्हणजे बरेचदा मी कोपऱ्यावरच्या देवळाच्या कट्ट्यापर्यंत जाते, तिथं बसते आणि तशीच परत येते. तिला हे सांगितलेलं नाही. हा कागद कुठं पाठवायचा नाही, म्हणून तुम्हाला सांगते.