माझ्या नावावर गेलेला आकडा

सोमवार, ३ जून

मिळालं बाई एकदाचं यंत्र! दंडाला पट्टा बांधायचा, बटण दाबायचं — रक्तदाबाचा आकडा फोनमधून थेट आरोग्य केंद्रात. तपासायला क्लातेन शहराच्या खेपा संपल्या! निंग्रुम नर्सनं चारदा बजावलं, “मावशी, फक्त तुम्हीच वापरायचं. दुसऱ्या कोणाला दिलंत तर परत नेईन.” मी मान डोलावली.

गुरुवार, ६ जून

आज कुराणातल्या यासीनच्या पठणाला बायका माझ्याकडे. पठण झालं, चहा झाला, आणि सगळ्यांची नजर यंत्रावर. घरी आलेल्या बाईला नाही कसं म्हणणार? शेजारची कासिना दंड पुढे करून म्हणते, “नवरा घरीच बसलाय माझा, डोकं खात. फुटेल हो तुझं यंत्र!” हसून हसून पुरेवाट. बायका निघाल्यावर शेवटी सूनबाईनं पट्टा बांधला — विनार, आठवा महिना. मी दारात निरोप देत होते, तिचा आकडा बघितलाच नाही.

विनारचं डोकं सकाळपासून ठणकतंय. अंगात वारं शिरलंय, दुसरं काय! तेल लावून नाण्यानं पाठ खरवडून दिली. चांगले लाल वळ उठले.

शुक्रवार, ७ जून

नर्सचा फोन. “मावशी, काल एकशे अठ्ठ्याहत्तर! आजपासून एकाऐवजी दोन गोळ्या घ्या.” मला काय धाड भरलीय? तो आकडा माझा नाहीच! पण सांगितलं तर यंत्र जाणार. “बरं” म्हटलं. दुसरी गोळी जिभेवर ठेवली आणि थुंकून टाकली.

शनिवार, ८ जून

नाही राहवलं. तो आकडा कोणाचा तरी आहेच ना! मी यंत्र सांभाळत गप्प बसायचं, आणि जिचा आकडा ती बिचारी खुशाल खारे मासे तळून खात बसणार? सकाळीच फोन करून सगळं ओकून टाकलं. वाटलं, आता झापते. नर्स एवढंच म्हणाली, “कोण कधी बसलं ते आठवा. हा आकडा संध्याकाळी चार पन्नासचा. त्या दिवशी त्यानंतर एकही नाही.”

सगळ्यात शेवटचा. म्हणजे विनार!

“डोकं दुखतंय तिचं?” नर्सनं विचारलं. मी पाठ खरवडल्याचं सांगितलं तर किंचाळलीच, “वारं नाही ते, मावशी! पोटुशी आहे ती! आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या!”

मुलगा गाडी काढतोय. निघतोय. बास.

सोमवार, १० जून

नात झाली! एवढीशी आहे, पण दोघी सुखरूप. डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस घरी काढला असता तर — पुढचं मी ऐकलंच नाही. पोरगी भोकाड पसरून रडतेय. रडू दे!