हरणांच्या झाडांची यादी

९ एप्रिल

सतरा नंबरच्या झाडाखाली आज फासकी सापडली. चौथी. ब्रेकच्या तारेची, डुकराच्या मानेच्या उंचीवर, पायवाटेच्या अगदी तोंडाशी. सतरा नंबर म्हणजे ओढ्याकाठची टेंभुर्णी. गेल्या मंगळवारी मी ती यादीत घातली. त्याआधी तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं.

चार फासक्या, चारही माझ्या यादीतल्या झाडांखाली. बाकीच्या जंगलात एकही नाही. योगायोग एकदा होतो, फार तर दोनदा.

वनखात्याच्या ऑफिसात मॅडमना सांगितलं. त्या मान वर न करता म्हणाल्या, "पक्की यादी माझ्या कपाटात असते, किल्ली माझ्या पर्समध्ये. कच्ची वही तुझ्या घरी असते. बघ बाई तूच."

ते "बघ बाई तूच" दिवसभर कानात घोळत होतं.

१० एप्रिल

आमच्या घरात माणसं तीन. मी, नवरा, मामंजी.

खरं सांगायचं तर हे काम मला मामंजींनी शिकवलं. हरणं आणि डुकरं कोणत्या रानफळांवर जगतात ते झाड ओळखायचं, बुंध्यावर नंबर टाकायचा, खाली काय पडलंय ते लिहायचं. उन्हाळ्यात जनावरांची सगळी भिस्त याच झाडांवर, म्हणून ती तोडू द्यायची नाहीत, असं मॅडमच्या मनात आहे. मला आधी जांभूळ आणि उंबर सोडून काही ओळखता येत नव्हतं. मामंजी म्हणाले, "पानं काय बघतेस, जमीन बघ. हरीण बी गिळतं आणि रवंथ करताना थुंकतं. धुतल्यासारखी स्वच्छ बी दिसली की हरीण. डुक्कर दाताखाली फोडतं. चुरा दिसला की डुक्कर."

त्यांना हे कसं माहीत? तरुणपणी शिकार करायचे. फळाच्या झाडाखाली फासकी लावायची आणि वाट बघत बसायचं. सासूबाई गेल्या त्या वर्षी सोडली म्हणतात.

म्हणतात.

१३ एप्रिल

मामंजी आजही उजाडायच्या आत बाहेर. "गुडघे मोकळे करायला." ज्यांना दोन पायऱ्या चढताना भिंत धरावी लागते, त्यांच्या चपलांना ओढ्याची लाल माती!

१४ एप्रिल

शेवटी नवऱ्याशी बोलले. तो जेवता जेवता हसला. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. लक्ष ठेव बाबांवर." मग पाणी प्यायला आणि म्हणाला, "माझ्या वेळी त्या जंगलात एक फासकी सापडली नव्हती हो."

बारा वर्षं तो तिथे राखणदार होता. ड्यूटीवर झोपला म्हणून मॅडमनी त्याला कमी केलं. आता लाकडाच्या वखारीत आहे, सकाळी सहाला सायकलवर निघतो. वर्षभराने त्याच मॅडमनी मला घेतलं. तेव्हा घरी बोलायची माझी छातीच होईना. पण तो एवढंच म्हणाला, "जा की. घरात एकाला तरी जंगल हवं." किती मोठ्या मनाचा माणूस, असं तेव्हा याच रोजनिशीत लिहिलं होतं.

१८ एप्रिल

मामंजींना मुद्दाम सोबत नेलं. समोर असलेले बरे.

वरच्या टेकाडावर भोकराचं मोठं झाड लागलं. फळं चिकट, बोटं एकमेकांना धरून ठेवतात. खाली जमीन खुरांनी उकरलेली, नुसत्या बिया. मी रंगाचा डबा उघडला तर मामंजी म्हणाले, "हे लिहू नकोस."

"का?"

"नको म्हणतो ना."

"कारण तर सांगा."

"सगळंच लिहायचं असतं का, सूनबाई?" आणि उतारावरून खाली चालायला लागले, भिंतीबिंतीशिवाय, काठी टेकत.

स्वतःसाठी राखून ठेवायचं असणार. मी लिहिलं. नंबर तेवीस.

२४ एप्रिल

तेवीस नंबर. हरणी. मागचा पाय तारेत, हाडापर्यंत कापलेला. आम्ही पोचलो तेव्हा जिवंत होती. ऑफिसातल्या दोघांनी तार कापली, मी तिच्या डोळ्यांवर ओढणी धरली. दुपारी गेली. पोटात पाडस होतं.

मॅडमनी हात पुढे केला. कच्ची वही माझ्या हातातून घेतली आणि कपाटात ठेवली. "यापुढे इथेच येऊन लिहायचं."

हात तीनदा साबणाने धुतले. भोकराचं झाड मामंजींनी डोळ्यांनी पाहिलं होतं. अजून काय पुरावा हवा?

२५ एप्रिल

मामंजी अंघोळीला गेले तेव्हा त्यांचा खुंटीवरचा कोट तपासला. लाज वाटली, तरी तपासला. आतल्या खिशात फडक्यात गुंडाळलेल्या सहा तारा. वाकलेल्या, गंजलेल्या, एकीला केस चिकटलेले.

संध्याकाळी नवऱ्यासमोर ठेवल्या. त्याने एक तार उचलून पाहिली. म्हणाला, "मला वाटलंच होतं." मग, "मी पोटचा मुलगा. माझ्या तोंडून कसं निघणार? तूच सांग मॅडमना."

२८ एप्रिल

सांगितलं.

मामंजींना ऑफिसात बोलावलं. बाहेरच्या बाकावर दोन तास बसवून ठेवलं. येणारा-जाणारा बघत होता. मी आत, पंख्याखाली.

मला वाटलं होतं नाही म्हणतील, आरडाओरडा करतील, मला चार शब्द सुनावतील. मॅडमनी तारा टेबलावर ठेवल्या आणि विचारलं. मामंजींनी तारांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "मीच लावल्या."

"सगळ्या?"

"सगळ्या."

मॅडम म्हणाल्या, बांधून दाखवा. त्यांनी टेबलाच्या पायाला फास बांधला. दोनदा सुटला. तिसऱ्यांदा कसाबसा बसला, तोही उलटा. मॅडम म्हणाल्या, "बोटं थकली आता. वय बघून केस करत नाही. पण या जंगलाच्या आसपास दिसायचं नाही." कागदावर अंगठा घेतला. मामंजींना लिहिता-वाचता येत नाही.

हलकं वाटायला हवं होतं.

३० एप्रिल

मामंजी नणंदेकडे गेले. दोन दिवसांचा प्रवास. एक पिशवी, काठी, तो कोट. नवरा बसपर्यंत पोचवून आला.

दारात मी पाया पडले नाही. तेच थांबले. म्हणाले, "वहीत झाडंच लिहीत जा, पोरी. घरातलं लिहू नये." हरणीचा जीव घेतला आणि वर मला शिकवतात.

२ मे

नवऱ्याने सकाळी चहा करून दिला. लग्नाला नऊ वर्षं झाली, पहिल्यांदाच. साखर विसरला. मी तसाच प्यायले.

९ मे

नऊ दिवस झाले, एक फासकी नाही. म्हणजे मामंजीच. म्हणजे मी बरोबर होते. मग त्यांच्या रिकाम्या खुंटीकडे बघवत का नाही?

मॅडम आज चक्क हसल्या. यादी वरच्या ऑफिसला आवडली. पुढच्या वर्षी मला कायम करायचं म्हणतात, हाताखाली दोन राखणदार देऊन. घरी येऊन सांगितलं. नवरा म्हणाला, "वा! म्हणजे मी टिकलो असतो तर आज बायकोला सलाम ठोकला असता." मी हसले. तोही हसला, पण ताटातली अर्धी पोळी तशीच ठेवून उठला. थट्टाच होती. मला हल्ली सगळ्यातच काहीतरी दिसतं.

१५ मे

आज खिरणी सापडली!

जुन्या फुटक्या मोरीच्या मागे, कोरड्या ओहोळाच्या तिसऱ्या वळणावर, डावीकडे कललेली. आधी ओळखलीच नाही. पान तोडलं तर दूध आलं. मग खाली पाहिलं — पिवळी बोटभर फळं, एकेक चकचकीत तपकिरी बी. एका बाजूला धुतल्यासारख्या बिया, दुसरीकडे चुरा. एकाच झाडाखाली दोन्ही. बुंध्यावर डुकरांनी अंग घासून घासून चिखलाचा पट्टा केलाय, माझ्या गुडघ्याएवढा उंच. एक फळ खाल्लं. गोड, ओठ चिकटले. मामंजी असते तर त्यांना आधी सांगितलं असतं. हा विचार कुठून आला कोण जाणे.

नंबर टाकला नाही. यादीतही घातली नाही. मॅडमनाही सांगणार नाही, आठवडाभर नाही. आधी कोण कोण येतं ते लपून मोजायचं आहे. एवढं एक झाड थोडे दिवस माझं एकटीचं.

१७ मे

खिरणीवर सकाळी हरणं सात. एक पाडस, कान केवढाले! एक रानडुकरीण, पिल्लं पाच. आजवर लिहिलेल्या सगळ्या झाडांत हे झाड उजवं.

२१ मे

खिरणीखाली फासकी.

नवीकोरी तार. पाचातलं एक पिल्लू. गार पडलेलं. डुकरीण लांब झाडीत उभी होती, हलत नव्हती. तार मी एकटीने कापली. कुणाला हाक मारली नाही.

तिथेच बसून राहिले. मामंजी नणंदेच्या घरी. दुपारी फोन करून खात्री केली. नणंद म्हणाली, "अंगणाच्या बाहेर पडत नाहीत. नीट जेवतही नाहीत." मॅडमना हे झाड माहीत नाही. त्यांच्या कपाटातल्या वहीत ते नाही. आणि गाठ — घट्ट, सरळ, एका झटक्यात बसणारी. थकलेल्या बोटांची नाही.

कोटातल्या त्या सहा तारा वाकलेल्या होत्या. गंजलेल्या. केस चिकटलेले. वापरून झालेल्या तारा खिशात घालून कोण हिंडतं? लावणारा नाही. रोज उजाडायच्या आत जाऊन काढून आणणारा.

मग अंगठा का दिला?

सगळीकडून विचार करते आणि एकाच जागी येऊन थांबते. तिथून पुढे लिहायला पेन उचलत नाही.

२२ मे

खिरणीचं मी कुणालाच बोलले नव्हते. फक्त इथे लिहिलं होतं. आणि या घरात वाचता येणारी माणसं दोनच.

वखारीतून आलास की वाच. शोधावं लागणार नाही, ही रोजनिशी ओट्यावर उघडीच ठेवते आहे. तोवर माझं मॅडमशी बोलून झालेलं असेल, आणि मी मामंजींना आणायला बसमध्ये बसलेली असेन.