चाळीस मुडद्यांचा आवाज

प्रिय धाकट्या,

पत्र बघून दचकू नकोस, आणखी काही वाईट झालेलं नाही. बाबांना जाऊन सव्वा महिना झाला. मी जेवते, झोपते, कामावर जाते. रडू अजून आलेलं नाही. आत्या म्हणते, दगड आहेस. असेन.

काम म्हणजे तोच विनोदी भयपट, बर्फाच्या डोंगरात मुडदे उठतात आणि माणसांना खायला धावतात. आवाजाचं सगळं माझ्याकडे. खरा बर्फ तीनच दिवस परवडला, बाकी मीठ आणि थर्माकोल. मुडदे चढावर घसरून एकमेकांच्या अंगावर पडायचे, एकाला तर शिंकांवर शिंका. बाबांना घरी एकटं कुठे ठेवणार, म्हणून बरोबर नेलं होतं. चाळीस मुडद्यांच्या कण्हण्यासाठी माणसं घ्यायची ऐपत नव्हती, तेव्हा म्हातारा म्हणाला, मी कण्हतो की, रोज उठताबसता तेच तर करतो. जन्मभर बस चालवलेला माणूस, लॉजच्या खोलीत डोक्यावर रजई घेऊन दोन दिवस कण्हला. मधेच स्वतःच हसायचे, मग मी ओरडायचे. तुला हे तेव्हाच सांगायचं होतं. पण तुमचा सहा वर्षांचा अबोला, आणि फोनवर त्यांचं नाव काढलं की तू ठेवून देतोस. म्हणून पत्र.

परत आल्यावर तीन आठवड्यांनी दुपारी खुर्चीतच गेले. तू आला नाहीस. त्याबद्दल मी काही बोलणार नाही.

आता रोज हेडफोन लावून बाबांना एकेका मुडद्याच्या तोंडी बसवते. जाड्याला खालच्या पट्टीत, शाळकरी पोरीला वरच्या. दिग्दर्शक पोट धरून हसतो. मला काहीच होत नाही. चहा गार होतो, एवढंच.

शेवटच्या प्रसंगाचं तेवढं अडलंय, आणि महिनाअखेरीला काम संपवून द्यायचंय. बाकीचे सगळे दुसऱ्यांदा मेलेत, बर्फात एकच मुडदा उरलाय. तो हाक मारल्यासारखा कण्हतो आणि डोंगरापलीकडून कोणीतरी उत्तर देतं. हाक बाबांची आहे. रेकॉर्डिंगच्या वेळी मी म्हटलं होतं, कोणाला तरी बोलावताय असं समजा. त्यांनी विचारलं, धाकट्याला बोलावू? आणि असे कण्हले, की मी मशीन बंद करायलाच विसरले. उत्तराला दुसरा आवाज हवा, आणि तुझा गळा थेट त्यांचा. सोबतच्या पेनड्राइव्हमध्ये ती हाक आहे. शब्द नकोत, माफीबिफी नको. एकदा ऐक, आणि मोबाइलवर नुसती ओ दे.

तुझीच,
ताई