सुपारी फुटल्याची साखर

आटपाडी
८ नोव्हेंबर २०२५

चि. शिवांजलीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

परवा घरी पहिली आली ती शेजारची गुणमाला, ताक मागायचं निमित्त करून, आन् तिच्या मागनंच तुझ्या शिष्यवृत्तीवाल्या दोघी बाया. घरात पाव्हणं आलं की गुणमालाचं ताक बरं संपतंय. बायांनी डाळिंबाची बाग बघितली, करडू मांडीवर घेतलं. लय गोड बोलल्या. म्हणाल्या, आमच्या पैशावर शिकलेल्या पोरी पुढं खरंच इंजिनेर होऊन कामाला लागतात का, ते घरोघर बघतोय.

तुझ्या बापानं, कृष्णातनं, बजावलंय की परीक्षा होईस्तवर तुला सांगायचं न्हाई. पर माझ्या पोटात ऱ्हाईना. मलकापूरला तुझ्या लग्नाची सुपारी फुटली. पोरगं फौजेत, घरचा ऊस. सुपारी फुटली की उंबऱ्यात येईल त्याच्या हातावर साखर ठेवायची, तशी बायांच्या हातावरबी ठेवली. एकीनं इचारलं, मग तिची नोकरी? मी म्हनलं, "काय गरज? सासरची मानसं तिला उन्हात पाऊल ठेवू देनार न्हाईत." त्यांनी साखर तेवढी खाल्ली.

येळेवर जेवत जा.

तुझ्यात जीव गुंतलेली,
आजी

सांगली
१२ नोव्हेंबर

ती. आजीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मेसच्या रांगेत वाचलं आणि तशीच खोलीवर परत आले. माझं लग्न ठरल्याचं त्या बायकांना माझ्याआधी कळलं. काल त्यांचा फोन आला. शेवटच्या वर्षाचे पैसे थांबवलेत. मुलगी नोकरीच करणार नसेल तर दुसरीला द्यावेत, असं त्यांचं म्हणणं. परत येऊन पप्पांना विचारतील, मग ठरेल. पप्पांना मी फोन केला, तर 'परीक्षेकडं बघ' म्हणून त्यांनी ठेवून दिला.

तुझ्यावर राग नाही. पण आजी, मला विचारावं असं एकदाही वाटलं नाही का तुला?

तुझा लोभ आटू देऊ नकोस.

तुझी शिवा

आटपाडी
१६ नोव्हेंबर

चि. शिवास आजीचे आशीर्वाद.

फोन तुझ्या बापाच्या खिशात, म्हणून लिहिते. न्हाई वाटलं बाळा. मला कुनी इचारलं नव्हतं, तुझ्या आईलाबी न्हाई. असंच असतंय असं धरून चालले.

कृष्णातला म्हनलं, पोरगी नोकरी करनार असं मलकापूरला कळव. तो म्हणाला, "आये, जबान दिलीया." मी म्हनलं, "जबान काय बाप्याचीच असती व्हय?" तो उठून बागेत गेला. अजून माझ्याशी धड बोलत न्हाई.

बाया आल्या की मी सांगनार हाय, चुकीचं बोलले म्हणून. पर त्या इचारनार तुझ्या बापाला, आन् तो काय बोलंल ते मला ठाऊक हाय. तू ये. माझ्याजवळ बसून आपल्या तोंडानं सांग.

माया असू दे.

तुझी आजी

ता. क. बाया पुढल्या गुरुवारी, २७ तारखेला येनार म्हणाल्यात.