नव्वद दिवसांची मुदत

९ जानेवारी २०२५, गुरुवार
स. ११. मनीषा पालवे, पाथर्डी तालुक्यातली, कायद्याचे शेवटचे वर्ष. आमच्या वकीलसाहेबांच्या कार्यालयात सहायकाच्या जागेसाठी अर्ज घेऊन आली. जागा रिकामी नाही. तिची परीक्षा मे महिन्यात. येथील व्यवस्थापक म्हणून माझा नियम सत्तावीस वर्षे एकच: गुणपत्रिका हाती आल्यावर अर्ज. तसे सांगितले.
"निकाल लागल्यावर सगळेच येत्याल सर. ह्याला अर्ज न्हाई, कॅव्हिएट समजा."
कोणी दावा आणण्याआधीच 'माझे ऐकल्याशिवाय हुकूम देऊ नये' असे कोर्टाला कळवून ठेवतात, तसेच तिने लिहिले होते: माझे ऐकल्याशिवाय ही जागा भरू नये. अनुक्रमणिका, पृष्ठांक, पानोपानी सही. खाडाखोड शून्य. नियमात बसत नसतानाही पोचेचा शिक्का मारून दिला.

९ एप्रिल, बुधवार
कॅव्हिएटची मुदत नव्वद दिवस. आज नव्वदावा. मी मोजत होतो, हे येथे लिहिण्यास हरकत नाही. दु. ४ वाजेपर्यंत आली नाही, उगाच अस्वस्थ. ४.४० ला धापा टाकत आली. नवी प्रत. जुन्या प्रतीत एका कलमाचा क्रमांक चुकला होता. तो तिनेच शोधून दुरुस्त केला. माझ्या नजरेतून सुटला होता. असे क्वचित घडते.
शबाना, आमची सध्याची सहायक, ऐकत होती. "भाऊसाहेब, तुमच्या नियमानं चालले असते तर मी अजून गुणपत्रिकेची वाट बघत बसले असते. मला साहेबांनी घेतलं तेव्हा तुम्ही रजेवर होतात, विसरलात?"
विसरलो नव्हतो.

८ जुलै, मंगळवार
पुन्हा नव्वदावा दिवस, तिसरी प्रत. परीक्षा झाली, निकाल नाही.
ती गेल्यावर शबानाकडून कळले. मनीषाचे आईवडील ऊसतोडीला जातात; दसऱ्यानंतर टोळी निघते. वडिलांनी बजावले आहे: दसऱ्यापर्यंत नोकरी लागली तर राहा, नाहीतर कोयता घेऊन आमच्याबरोबर चल. माझ्यासमोर मात्र सहा महिन्यांत याविषयी अवाक्षर नाही. दयेवर काही मागायचे नाही, असे तिने ठरवलेले दिसते.

२२ सप्टेंबर, सोमवार
शबानाने राजीनामा दिला. श्रीरामपुरात स्वतंत्र वकिली करणार. साहेबांकडे कोल्हारचा एक मुलगा आला आहे. गतवर्षीचा पदवीधर, प्रथम वर्ग. साहेब म्हणाले, "यालाच घ्या, कागद पूर्ण आहेत." मनीषाचा निकाल अद्याप रखडलेला.
तिन्ही प्रती साहेबांपुढे ठेवल्या. म्हटले, मुदत ६ ऑक्टोबरपर्यंत आहे. हिचे ऐकल्याशिवाय जागा भरता येणार नाही.
साहेब चष्मा काढून हसले. "वकील मी, आणि कॅव्हिएट माझ्यावरच? बोलवा तिला दसऱ्याआधी. ऐकून घेऊ. पण भाऊसाहेब, निकालाशिवाय माणूस घ्यायचा नाही हा नियम तुमचाच ना?"
माझाच.

१ ऑक्टोबर, बुधवार
उद्या दसरा. साहेबांनी ५.३० ची वेळ दिली आहे. ती पाचलाच आली, वडील सोबत. त्यांना खुर्ची दिली; बसले नाहीत.
"पोरगी म्हंती, सायेब ऐकून घेत्यात. व्हय का?"
म्हटले, ऐकून घेतील. त्यापुढचे मी सांगू शकत नाही.
"लई झालं," म्हणाले. "आमचं कुनी तेवढं बी ऐकत न्हाई."
मनीषाने पिशवीतून कागद काढले. चौथी प्रत, आजच्या तारखेची. मी तिला आठवण करून दिली की जुनी मुदत संपण्यास पाच दिवस आहेत.
"ठाऊक हाय सर. पन सहा तारखेला मी हितं आसन का फडात, ते ठाऊक न्हाई."
पृष्ठांक तपासले. बरोबर. शिक्का मारला, वेळ घातली: ५.१०.
साहेब अजून कोर्टातून आलेले नाहीत.