आईची डुलती खुर्ची

मेम्फिस

व्हर्लनदादास, धाकट्या ओडेसाचा नमस्कार.

मी सुखरूप पोचले. तुझी कंबर कशी आहे? वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

आईच्या मातीला तू आला नाहीस. म्हणालास, "क्रॅपी मासे काठाशी आलेत, हे दिवस चुकले की वर्ष गेलं." बरोबरच आहे. आई काय, पुढच्या वर्षीही मेलेलीच असेल.

तिची डुलती खुर्ची तुला हवी होती ना? मासे जमावेत म्हणून तुम्ही गळ टाकणारे सण सरल्यावर नाताळची झाडं तळ्यात बुडवता, तशी ती मी पाण्यात सोडली, तुझ्याच विणलेल्या गळदोरीने धोंडे बांधून. ती दोरी कुजत नाही, तुटत नाही, असं तूच सांगायचास.

जागा सांगणार नाही. तू तुझ्या जागा कधी कुणाला सांगितल्यास? क्रॅपी भरपूर लागतील आणि गळ अडकून बसेल, तिथे आई आहे असं समज.

जोरात ओढू नकोस. तिचे गुडघे दुखायचे.

अजून तरी तुझीच,
ओडेसा